इन्व्हर्टर असताना संगणकाला वेगळा यूपीएस कशाला?

कोथरूडकर:
घरातील इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे वीज कंपनीच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा असेल, तर संगणकासाठी वेगळा यूपीएस घेणे हा निव्वळ अपव्यय आहे, असे माझे मत आहे. इन्व्हर्टरवरचे मोड निवडण्याचे बटण 'यूपीएस'वर ठेवले की वीज जाताच तो साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि चांगल्या एसएमपीएसमधील (संगणकाच्या आतील वीजपुरवठ्याचा डबा) वीज साठवणारा कपॅसिटर पूर्ण भारावरही सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. शिवाय १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास असतात. छोट्या यूपीएसमधील ७ एएचच्या बॅटरीत अवघे ८४. पुण्यात गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी तासन्‌तास वीज बंद असते, तेव्हा दहा मिनिटांच्या यूपीएसचा उपयोग काय?

पेठेतला:
आपला हिशेब फक्त वीज जाण्याचा आहे, तिच्या चढउताराचा नाही. इन्व्हर्टर ठरावीक मर्यादेत बाहेरचे व्होल्टेज जसेच्या तसे पुढे पाठवतो, तर लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस बॅटरीला हात न लावता ते सावरून देतो. दुसरे असे की, इन्व्हर्टरवर संगणक एकटा नसतो. वीज गेलेली असताना स्वयंपाकघरात त्याच लाइनवर कोणी मिक्सर फिरवला, की ओव्हरलोड होऊन इन्व्हर्टर बंद पडतो आणि जतन न केलेले काम जाते. तिथे आपले मिलिसेकंद काय करणार?

कोथरूडकर:
मिक्सरचा मुद्दा वायरिंगचा आहे, इन्व्हर्टरचा नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून स्वयंपाकघरातील प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून घ्यावेत. व्होल्टेजबाबत आपले म्हणणे मान्य आहे; मात्र आजचे बरेच एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे व्होल्टेज कमी झाल्याची धास्ती पूर्वीइतकी उरलेली नाही.

धायरीची वीज:
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे. जुन्या स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरमागे यूपीएस जोडला, तर बऱ्याच यूपीएसना ती वीज शुद्ध वाटत नाही. त्यातला रिले (वीज बदलणारा स्विच) टकटक वाजत राहतो, यूपीएस स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि ती संपली की संगणक बंद, इन्व्हर्टर मात्र भरलेला. साइन वेव्हमागे यूपीएस सहसा बिनतक्रार चालतो आणि मी तसाच ठेवला आहे. राउटरही इन्व्हर्टरवर आहे, पण आमच्या इमारतीच्या जिन्यातील फायबरच्या पेटीला बॅकअप नसल्याने वीज गेली की इंटरनेट जातेच. घरून काम करणाऱ्यांनी खर्च कशावर करायचा, हे त्या पेटीची चौकशी करूनच ठरवावे.