ब्रेडबोर्डवर डेनार्डचा एक-ट्रान्झिस्टर डीरॅम सेल: ० लिहिला तरी १ वाचतो

मिलीव्होल्ट:
डिप्लोमाच्या मुलांसाठी संगणक हार्डवेअर घडवणाऱ्यांवर प्रदर्शन आहे. रॉबर्ट डेनार्डच्या फलकाखाली चालता डीरॅम सेल (संगणकाच्या मेमरीतला एक बिट, कपॅसिटरमधल्या चार्जवर ठेवलेला) ठेवायचाय. सर्किट असं: २एन७००० मॉसफेट, ड्रेनला १०० नॅनोफॅरड कपॅसिटर, सोर्स बिट लाइनला (लिहिण्या-वाचण्याची तार), गेट वर्ड लाइनला (सेल उघडण्या-बंद करण्याची तार). सगळं अर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टवर.

१. सेलमध्ये ० लिहून वर्ड लाइन बंद केली तरी बिट लाइन वर जाताच सेल ४.४ व्होल्टपर्यंत भरतो.
२. १ लिहून मल्टिमीटर लावला, की सेकंदाभरात व्होल्टेज साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. इतकी गळती मॉसफेटमधून होईल?
३. फलकावर 'डीरॅमचा जनक, १९६६' लिहिलं तर चालेल ना?

ओपन_ड्रेन:
पहिल्याचं कारण बॉडी डायोड. सुट्या मॉसफेटमध्ये बॉडी (खालचा सिलिकॉनचा थर) आतूनच सोर्सला जोडलेली असते, म्हणून सोर्सकडून ड्रेनकडे कायमचा एक डायोड तयार होतो. बिट लाइन ५ व्होल्टला गेली की गेट बंद असूनही तो डायोड कपॅसिटर भरतो. ५ वजा ०.६, तुमचे ४.४ आले. ड्रेन-सोर्स उलटे लावून भागणार नाही. मग बिट लाइन ० झाली की साठवलेला १ निघून जाईल. चिपवर बॉडी वेगळी, थेट ग्राउंडला किंवा ऋण व्होल्टेजला असते, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

सीडी४००७ (मॉसफेटांची चिप) घ्या. पिन ३ गेट, ४ आणि ५ सोर्स-ड्रेन (कुठलंही कुठेही चालेल), बॉडी पिन ७ वर. पिन ७ ग्राउंड, ६ आणि १० सुद्धा ग्राउंड, बाकीच्या मोकळ्या. पिन १४ चं पुढे बघा.

डायोड गेला की आतापर्यंत झाकलेला दुसरा दोष वर येईल. गेटला ५ व्होल्ट असतील तर एन-मॉस सेलला ५ पर्यंत नेऊच शकत नाही, थ्रेशोल्डइतकं (मॉसफेट चालू व्हायला गेटला लागणारं किमान व्होल्टेज) कमी, म्हणजे ३ ते ३.५ वरच थांबतो. तुमच्याकडे हे दिसत नव्हतं, कारण सेल भरण्याचं काम डायोडच करत होता! उपाय खऱ्या डीरॅममध्ये असतो तोच: वर्ड लाइन बिट लाइनपेक्षा वर न्यायची. ९ व्होल्ट द्या. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, कलेक्टरला ४.७ किलोओहम पुलअप ९ व्होल्टला, बेसला अर्डुइनोकडून १० किलोओहम. हे सर्किट उलटं चालतं: पिन हाय असताना वर्ड लाइन बंद. त्यामुळे अर्डुइनो रिसेट होताना पिन तरंगते आणि सेल उघडा पडतो. त्या पिनवर ५ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप हवाच.

आणि पिन १४ ला ९ व्होल्टच द्या. गेटवरचे संरक्षक डायोड पिन १४ कडे जातात. तिथे ५ असतील तर वर्ड लाइन ५.६ च्या आसपास अडकते, आणि मग दोष शोधत बसावं लागतं.

रिफ्रेश_रेट:
दुसऱ्या प्रश्नातली गळती तुमच्या मीटरची आहे. १० मेगाओहम गुणिले १०० नॅनोफॅरड म्हणजे बरोबर १ सेकंद टाइम कॉन्स्टंट, आणि तेवढ्या वेळात ३७ टक्के उरतात. सेलला काहीही जोडू नका. जे बघायचं ते बिट लाइनवरून.

त्याहून मोठा मुद्दा १०० नॅनोफॅरडचा. एवढ्या मोठ्या सेलसमोर ब्रेडबोर्डच्या बिट लाइनची कपॅसिटन्स काहीच नाही, म्हणून वाचल्यावरही १ जसाच्या तसा राहतो. मग डेनार्डच्या सेलची खरी गंमत, म्हणजे वाचताना माहिती पुसली जाते हे, मुलांना दिसणारच नाही. सेल १ नॅनोफॅरड आणि बिट लाइनवर १० नॅनोफॅरड मुद्दाम लावा. बिट लाइन २.५ व्होल्टला प्रिचार्ज केली (वाचण्याआधी भरून ठेवली) की फरक २.५ × १/११, म्हणजे सुमारे ०.२३ व्होल्ट. १ असेल तर २.७३, ० असेल तर २.२७.

सेलचा कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा सीझीरोजी सिरॅमिक. इलेक्ट्रोलिटिक मुळीच नको. फ्लक्स, बोटांचा तेलकटपणा, पावसाळी दमटपणा यांनीही नॅनोअँपिअरची गळती सहज होते, आणि १ नॅनोअँपिअर म्हणजे १ नॅनोफॅरडवर सेकंदाला १ व्होल्ट.

बिट लाइनला सीए३१४० ऑप-अँपचा बफर (९ व्होल्टवर), पुढे एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांत मोठं कुठलं ते सांगणारा), त्याला संदर्भ २.५ व्होल्ट. एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर, ५ व्होल्टला ४.७ किलोओहम विसरू नका. प्रिचार्जसाठी सीडी४०६६ (इलेक्ट्रॉनिक स्विचांची चिप) चा एक स्विच ५ व्होल्टवर, २.५ व्होल्ट दोन १० किलोओहमच्या डिव्हायडरवरून, त्यावर १० मायक्रोफॅरड. लिहिण्यासाठी अर्डुइनोची पिन १ किलोओहममधून.

वाचण्याचा क्रम: लिहिणारी पिन इनपुटवर, १०० मायक्रोसेकंद प्रिचार्ज, स्विच बंद. वर्ड लाइन चालू, २० मायक्रोसेकंद थांबून कंपॅरेटर वाचा. वर्ड लाइन चालू ठेवूनच वाचलेली किंमत बिट लाइनवर परत १०० मायक्रोसेकंद द्या. आधी वर्ड लाइन बंद, मगच पिन सोडा. हा क्रम उलटला तर परत लिहिलेलं बिघडतं. थेट रजिस्टरने पिन हाताळत असाल तर हाय दिल्यावर नुसतं इनपुट केल्यास आतला पुलअप चालू राहतो. पोर्टचा बिट शून्य करा.

हेच दर ५० मिलिसेकंदांनी केलं की झाला रिफ्रेश. रिफ्रेश थांबवणारं एक बटण ठेवा, १ चा ० होताना मुलांना बघू द्या.

जुनी_चिप:
फलकाबद्दल. 'जनक' लिहू नका, सेल नेमका लिहा. कपॅसिटरमध्ये बिट ठेवून तो पुन्हा पुन्हा भरण्याची कल्पना जुनी आहे. आयोवा स्टेट कॉलेजात अ‍ॅटॅनासॉफ आणि बेरी यांच्या यंत्रात (१९३९ ते ४२) फिरत्या ड्रमवर कपॅसिटर होते आणि सेकंदाच्या प्रत्येक फेरीत ते ताजे होत. तोशिबाच्या १९६५ च्या टॉस्कल कॅल्क्युलेटरमध्येही सुट्या भागांची कपॅसिटर मेमरी होती.

आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात तेव्हा एका बिटाला सहा मॉस ट्रान्झिस्टर लागत होते. डेनार्डने ते एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर इतकं खाली आणलं: त्याच तारेने लिहायचं, त्याच तारेने वाचायचं, आणि वाचताना माहिती जाते हे मान्य करायचं. कल्पना १९६६ च्या अखेरची, पेटंट अर्ज १९६७, मंजुरी ४ जून १९६८, क्रमांक ३,३८७,२८६.

बाजारात मात्र आधी आली ती इंटेलची ११०३, १९७० मध्ये, १०२४ बिटांची आणि तीन ट्रान्झिस्टरांच्या सेलची. एक-ट्रान्झिस्टर सेल ४ किलोबिटच्या पिढीत, १९७३ च्या सुमारास रुळला. त्यात मॉस्टेकच्या रॉबर्ट प्रोब्स्टिंगचं नाव घ्याच: १२ अ‍ॅड्रेस बिट सहा-सहा करून दोनदा पाठवायचे, म्हणजे २२ ऐवजी १६ पिनांत चिप मावते. आजच्या डीडीआर मेमरीमध्येही ओळ आणि स्तंभ वेगवेगळेच पाठवतात.

माझा मजकूर: 'रॉबर्ट डेनार्ड (१९३२-२०२४), आयबीएम. एक-ट्रान्झिस्टर डीरॅम सेल, पेटंट १९६८.'

मिलीव्होल्ट:
सीडी४००७ लावला, ० आता ० राहतो. पण वाचताना १ आणि ० दोन्हींना कंपॅरेटर हायच देतो.

ओपन_ड्रेन:
प्रिचार्जचा स्विच वर्ड लाइनच्या आधी बंद होतोय का ते बघा. तो चालू राहिला तर बिट लाइन २.५ वरच धरलेली राहते आणि कंपॅरेटर स्वतःच्या ऑफसेटप्रमाणे एकच उत्तर देतो. स्विच ठीक असेल, तर सीडी४०६६ चे न वापरलेले कंट्रोल पिन ग्राउंडला टाका.