मदत हवी आहे: आईसाठी पेशंट लिफ्ट आणि स्लिंग कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीला राहतो, आईला स्ट्रोकनंतर उजवी बाजू अजिबात हलवता येत नाही, वजन ७८ किलो, आणि बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायचं म्हणजे दोघं लागतात, बाबांची कंबर आता धरायला लागलीय. म्हणून पेशंट लिफ्ट (माणसाला उचलून बेडवरून खुर्चीत ठेवायचं चाकांचं यंत्र) आणि तिला अडकवायची स्लिंग (माणसाला ज्यात धरून उचलतात ती कापडी झोळी) घ्यायचीय.

अडचण अशी की आमचा पलंग खाली पेटीवाला दिवाण, लिफ्टचे पाय आत जायला जागाच नाही. पलंग बदलावा की खाली ठोकळे लावून उंच केलेला साधा पलंग चालेल? घर जुनं, प्रत्येक दाराला उंबरठा, त्यामुळे माणूस बसवून लिफ्ट ढकलायची नाही हे ठरलंय, फक्त बेड ते खुर्ची.

हायड्रॉलिक की बॅटरीवाली? पावसात आमच्याकडे लाईट सारखी जाते, पण पंप मारायला बाबांना जमेल का ही काळजी.

स्लिंगचं तर काहीच कळत नाहीय. टॉयलेट स्लिंगला आधार कमी असतो आणि आईला धड सावरता येत नाही, म्हणून डोक्याला आधार असलेली फुल बॉडी बरी वाटते, आंघोळीला जाळीची वेगळी. साईज कशी मोजायची? म्हापसा, पणजी, फोंडा कुठेही वापरून बघायला किंवा भाड्याने मिळत असेल तर प्लीज सांगा.