लिलीचे कंद: कुठली लिली, कशी लावता, काय बिघडतं?

जूनच्या तोंडावर नर्सरीत कंदांच्या टोपल्या लागतात आणि बऱ्याच टोपल्यांवर नुसतं ‘लिली’ लिहिलेलं असतं. अमॅरिलिस, रेन लिली, फुटबॉल लिली, एशियाटिक लिली या सगळ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, पण एकीला जे मानवतं त्यानेच दुसरी कुजते. म्हणून आधी कुठली लिली ते सांगा. मग कुंडी, माती, कंद किती खोल लावता ते आणि पाणी लिहा. काय बिघडतं आणि का, हे जरूर लिहा. खाली गावोगावच्या बागवाल्यांची उत्तरं.

पुणे, गच्ची: अमॅरिलिस

कंद हातात घेऊन तळाशी अंगठा दाबा. जिथून मुळं फुटतात ती चकती टणक हवी. अंगठा रुतला तर कितीही मोठा असला तरी तो कंद घेऊ नका, आतून सड सुरू झालेली असते. घेर २० सेंमीच्या आसपास असेल तर पहिल्याच वर्षी फुलाचा दांडा येण्याची आशा धरता येते.

एका कंदाला ८ इंची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओली राहते आणि कंद सडतो. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. सगळा गाडला तर मानेभोवती, म्हणजे कंदाच्या वरच्या निमुळत्या भागाभोवती, ओल धरून राहते आणि पावसाळ्यात सड तिथूनच सुरू होते. पाणी कुंडीच्या कडेने द्या, मानेवर ओतू नका.

फुलं गेल्यावर दांडा कापा, पानं मात्र ठेवा. कंदाच्या पोटात साधारण दर चार पानांमागे एक दांडा धरतो, आणि तो बाहेर येण्याच्या कितीतरी महिने आधी आत तयार असतो. पावसाळ्यात ‘पसारा वाटतो’ म्हणून हिरवी पानं छाटणारे पुढच्या वर्षीचं फूल छाटतात. सप्टेंबरनंतर खत बंद. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणीही बंद, आठ ते दहा आठवडे. कुंडी सावलीत आडवी ठेवली तरी चालते. पानं आपोआप पिवळी पडून गळू द्या. जानेवारीअखेर वरची इंचभर माती काढून खतमाती भरा, एकदा भरपूर पाणी द्या आणि कोंबाचं टोक दिसेपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवा. या टप्प्यावर रोज पाणी दिलं तर मुळं फुटायच्या आधीच कंद कुजतो.

नाशिक: अळी आणि लाल डाग

पावसाळ्यात अमॅरिलिस आणि स्पायडर लिलीवर काळी, पांढऱ्या-लाल ठिपक्यांची अळी येते. अंडी पानावर पुंजक्याने असतात. त्याच वेळी ते पान काढून टाकलं तर काम पाच मिनिटांचं. उशीर झाला तर अळ्या चार दिवसांत पानं संपवून मानेत शिरतात. संध्याकाळी हाताने वेचा, हातमोजे घालून, कारण लिलीच्या चिकाने खाज येते. लहान अळ्यांवर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब फवारा. मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पानावर विटकरी लाल पट्टे येऊन पान तिथेच वाकत असेल तर ती बुरशी आहे. पान कापून बागेबाहेर टाका आणि पानांवर पाणी मारणं थांबवा. कुंडी बदलताना कंदावर तसेच लाल डाग दिसले तर बाहेरची खराब सालं सोलून, कंद दोन दिवस सावलीत सुकवून नव्या मातीत लावा.

रत्नागिरी, परस: फुटबॉल लिली

वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस, तेव्हा इथे खरा प्रश्न निचऱ्याचा. सपाट जागेत लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा किंवा उतारावर लावा, खाली जांभ्याचे तुकडे घाला. मान जमिनीच्या पातळीला. आंब्याखालची विरळ सावली छान मानवते.

मे महिन्यात आधी फुलांचा चेंडू वर येतो, पानं त्याच्या मागोमाग. एका चेंडूत शंभरावर बारीक फुलं असतात, आठवडाभर टिकतात. कंद दरवर्षी उकरू नका, हलवला की एखादं वर्ष रुसतो. डिसेंबर ते एप्रिल जमिनीवर काहीच दिसत नाही आणि कुदळीने कंद चिरले जातात ते तेव्हाच. प्रत्येक जागेपाशी एक दगड उभा रोवून ठेवा.

नागपूर: रेन लिली

८ इंची कुंडीत १०-१२ कंद, वर दोन-तीन सेंमी माती. दाटीतच ती खुलते, सुटे दोन-तीन कंद लावले तर वर्षभर गवत लावल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात उघडीप पडली की दहा-बारा दिवस पाणी तोडा, मग कुंडी तुडुंब भिजवा. चार ते सात दिवसांत कळ्या दिसतात. पांढरीला एवढा कोरडेपणा नको, तिला ओल आवडते. युरिया किंवा शेणखताचा मारा केला तर नुसती पानं वाढतात. फूल दिवस-दोन दिवसच टिकतं, म्हणून एकाच जातीच्या चार कुंड्या आळीपाळीने भिजवा. दोन-तीन वर्षांनी कुंडी गच्च झाली की फेब्रुवारीत विभागणी.

ठाणे, बाल्कनी: एशियाटिक

या कंदाला कांद्यासारखं वरचं साल नसतं, उघडा राहिला की सुकतो. आणल्यावर लगेच लावा, नाहीतर दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजमध्ये ठेवा. शेजारी सफरचंद-केळी नकोत, पिकणाऱ्या फळांतल्या वायूने कळ्या करपतात. लावणी नोव्हेंबर-डिसेंबरात. १२ इंची कुंडीत तीन कंद, कंदावर १० ते १२ सेंमी माती. अमॅरिलिसच्या अगदी उलट, कारण हिला कंदाच्या वर खोडालाही मुळं फुटतात. अडीच-तीन महिन्यांत फुलं येतात.

दुसऱ्या वर्षी कंदाला सहा ते आठ आठवडे २ ते ५ अंशांची थंडी लागते. फ्रीजने ती देता येते, पण फुलं लहान आणि कमी येतात. ठाण्याच्या हवेत हिला हंगामी रोप समजावं, हे माझं स्पष्ट मत.

घरात मांजर असेल तर ही लिली आणूच नका. पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं.

बोस्टन, अंगण

इथे एशियाटिक जमिनीतच, ऑक्टोबरात, १५ ते २० सेंमी खोल. थंडी आपोआप मिळते. शत्रू म्हणजे लालभडक भुंगेरा, १९९२ मध्ये या भागात पहिल्यांदा सापडला. त्याच्या अळ्या स्वतःची विष्ठा पाठीवर घेऊन चिखलाच्या गोळ्यासारख्या पानाला चिकटतात. भुंगेऱ्याला बोट लागलं की तो टपकन खाली पडतो, तोही उताणा. पोट काळं असल्याने मातीत दिसेनासा होतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याचा वाडगा पानाखाली धरायचा, मगच पान हलवायचं. पानामागे नारिंगी अंड्यांची ओळ दिसली तर बोटाने चिरडा.

पुणे, गच्ची (पुन्हा)

अमॅरिलिसच्या बियांबद्दल विचारलं आहे. फूल उमलल्यावर पराग दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या तीन फाट्यांच्या टोकावर लावा. बोंड चार-पाच आठवड्यांत तडकतं. आतल्या काळ्या, कागदासारख्या बियांत मध्ये फुगीर दाणा जाणवतो त्याच ठेवा. ताज्या असतानाच वाटीभर पाण्यावर तरंगत ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मोड येतो. मग ओल्या कोकोपीटमध्ये आडव्या लावा. फुलाला तीन वर्षं तरी लागतात, आणि पहिली दोन वर्षं या रोपांचं पाणी हिवाळ्यातही तोडायचं नाही.