बुचाच्या ओकवरच्या अळंब्या ओळखायच्या कशा? पुस्तक, भिंग, काय घेऊ?

खोडकीडा:
मंडळी, वर्षभर झालं पोर्तुगालमधे एव्होराजवळ राहतोय. घरामागे मोंतादू आहे, म्हणजे बुचाच्या ओकचं विरळ रान, खाली गवत नि मेंढरं. (आपल्याकडचं पांढऱ्या फुलांचं बूच नव्हे हं, हे खरं बाटलीच्या बुचाचं झाड, दर ९ वर्षांनी साल सोलतात आणि खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात.) मधेमधे अझिन्येइरा, म्हणजे दुसरा सदाहरित ओक. नोव्हेंबरच्या पावसानंतर मेलेल्या फांद्यांवर, बुंध्यावर अळंब्याच अळंब्या. ७० फोटो काढले आणि अळंब्या ओळखायचं ॲप निम्म्यांना ट्रॅमेटिस व्हर्सिकलर (लाकडावरची पट्टेदार, पंख्यासारखी अळंबी) म्हणतंय, जे मला पटत नाही. पुस्तक सुचवा, बजेट बेताचंच आहे. मायक्रोस्कोप लागेल का?

भिंगवाली:
ॲपला का दोष देताय, सगळे फोटो वरून काढलेत तुम्ही! अळंबी उलटी करा. खाली बारीक छिद्रं दिसली, मिलिमीटरला साधारण ३ ते ५, तर ट्रॅमेटिसचा विचार करा, खालची बाजू गुळगुळीत असेल तर ते स्टेरियम, ओकच्या फांद्यांवर हे ढिगाने असतं. मग ताज्या स्टेरियमवर नखाने ओरखडा काढा, लाल झालं तर गॉसपेटम, नाही झालं आणि वर केस असतील तर बहुधा हिर्सुटम. एवढ्याला १० पट भिंग पुरतं, मायक्रोस्कोप आत्ताच घेऊ नका.

ओलीमाती:
भिंगवालीताईंना अनुमोदन, पण मी आधी लाकूड बघते. कुजलेलं लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत फुटत असेल तर ती तपकिरी कूज, बुरशीने सेल्युलोज खाल्लं, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) ठेवलं. फिकट, तंतुमय, मऊ असेल तर पांढरी कूज, तिथे लिग्निनही गेलं. ओकवर तपकिरी कूज करणारी ठळक नावं थोडीच: लाल रस गळणारी, जिभेसारखी फिस्टुलिना हेपॅटिका, पिवळी-केशरी लेटिपोरस आणि खाली भूलभुलैयासारख्या भिंती असलेली डीडेलिया क्वर्सिना. म्हणजे लाकडाचा तुकडा बघितला की निम्मी यादी तिथेच गळाली. आणि झाड कुठलं ते वहीत लिहाच, नुसतं 'ओक' नको, बुचाचा की अझिन्येइरा ते, जिवंत की मेलेलं, बुंध्याला की फांदीला, कारण घरी आल्यावर यातलं काहीही आठवत नाही.

कोकणी_वाट:
बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी कडक, वर शेवाळ चढलेलं असं काही दिसलं का? भूमध्य समुद्राकाठच्या रानांत सदाहरित ओकच्या बुंध्यावर फेलिनस टोरुलोसस नेहमीचा, नवीन पुस्तकात फ्युस्कोपोरिया टोरुलोसा सापडेल, नावं बदलतच असतात त्याला इलाज नाही. आमच्याकडे फणसावरचा फणसांबा असतो ना, आजी उगाळून द्यायची, तोही फेलिनसच, म्हणजे तुमच्या मागच्या रानात आपल्या फणसांब्याचा चुलतभाऊ आहे म्हणायचा 😄. तपकिरी गरावर कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणाचा एक थेंब टाका, काळा पडला तर बहुतेक याच गोतावळ्यातला. हातमोजे घाला, कातडी भाजते.

भिंगवाली:
पुस्तकाचं म्हणाल तर छिद्रवाल्यांसाठी रिव्हार्डेन आणि मेलो यांचं 'पोरॉइड फंजाय ऑफ युरोप' (२०१४). खालून सपाट, सालीला चिकटलेल्या पापुद्र्यांसाठी बर्निकिया आणि गोर्होन यांचं २०१० चं जाडजूड पुस्तक आहे पण ते पहिल्या वर्षी नकोच, पापुद्र्यांचं मायक्रोस्कोपशिवाय काही खरं नाही. सुरुवातीला लायब्ररीत मिळतं का बघा.

ओलीमाती:
अजून एक, सालीच्या भेगांतून कोळशासारखं काळं, कडक कवच फुटलेलं दिसलं तर ते छत्रीवाल्या अळंबीचं नाही, बिस्कोग्निऑक्सिया मेडिटेरॅनिया असू शकतं. दुष्काळाने दमलेल्या बुचाच्या ओकवर येतं. त्याला यादीत वेगळा रकाना द्या. आणि फोटोत काही नाही म्हणजे लाकडात बुरशी नाही असं समजू नका, आत वर्षानुवर्षं असते, वर अळंबी काही आठवडेच येते.

खोडकीडा:
लई धन्यवाद! आज पाऊस थांबल्यावर परत गेलो. ॲपने ट्रॅमेटिस म्हटलेल्यांपैकी १२ उलटून बघितल्या, ९ खालून गुळगुळीत निघाल्या आणि त्यातल्या ४ ओरखड्याला लाल झाल्या 🤦. बुंध्याशी एक केशरी, खाली पात्या असलेली घोसाने आलीय, शेजारीण म्हणते शिजवून बघ.

कोकणी_वाट:
अजिबात नको!!! ओकच्या बुंध्याशी केशरी, पात्यावाला घोस म्हणजे ओम्फॅलोटस ओलिएरियस असू शकते, लोक तिला खाण्याच्या शान्तेरेल समजून फसतात नि रात्रभर उलट्या. अंधारात नेऊन दहा मिनिटं डोळे सरावू द्या, ताजी असेल तर पात्या मंद हिरवट चमकतात. चमकली नाही तरी खायची नाही.

खोडकीडा:
पिशवी बाथरूममधे नेऊन दिवा बंद करून बसलोय, बायको दार वाजवतेय. चमकतेय हो.