समुद्री कासवांमध्ये माद्या वाढल्या, तर बिघडले कुठे?

प्रश्न: तापमानवाढीमुळे समुद्री कासवांमध्ये माद्यांचे प्रमाण वाढत असल्याचे वाचले. माद्या अधिक म्हणजे अंडीही अधिक. मग यात चिंतेचे कारण काय?

उत्तर १: या कासवांचे लिंग गुणसूत्रांवर नव्हे, तर अंडी उबण्याच्या मधल्या काळात वाळू किती तापलेली असते यावर ठरते. साधारणतः २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-माद्या सारख्या प्रमाणात निपजतात आणि त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान वयाच्या कासवांपैकी सुमारे ९९ टक्के माद्या आढळल्या. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे आपला तर्क काही काळ खरा ठरेलही. परंतु नर फारच विरळ झाले, तर अंडी फळणार कशी? शिवाय वाळू फार तापल्यास पिल्ले अंड्यातच दगावतात.

उत्तर २: किनाऱ्यावरील दिव्यांचाही विचार व्हावा. रात्री वाळूतून वर आलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने, म्हणजे एरवी समुद्राकडे धावतात. मागे झगमगाट असेल, तर ती रस्त्याकडे वळतात आणि वाहनांखाली किंवा सकाळच्या उन्हात मरतात.

प्रश्नकर्ता: घरट्यांवर सावली केली तर?

उत्तर १: वाळू थंड राहते, हे खरे, मात्र शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर ते कोण आणि किती वर्षे करणार? दिवे झाकणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.