कोशंट रिंगमध्ये आधी नसलेलं मूळ येतं कुठून?

बाकीशून्य:
बहुपदींपर्यंत गाडी व्यवस्थित चालली होती. भागाकार, अवयव, मसावि, सगळं हाताने करता येत होतं. आता आयडियल आणि कोशंट रिंग आलंय. व्याख्या पाठ आहेत, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणे क्ष²+क्ष+१ ने भागलं की फील्ड मिळतं (जिथे शून्य सोडून कशानेही भागता येतं) आणि तिथे त्याच बहुपदीला मूळ, म्हणजे तिला शून्य करणारी किंमत, सापडतं. आधी नव्हतं ते आलं कुठून? आणि मॅट्रिक्सचा याच्याशी काही संबंध आहे का?

खडूफळा:
मूळ सापडत नाही हो, आपण ते तयार करतो. सहगुणक फक्त ० आणि १ घ्या, १+१=०. क्षच्या जागी ० घाला, १ घाला, दोन्ही वेळा उत्तर १. म्हणजे मूळ नाही. आता कुठल्याही बहुपदीला क्ष²+क्ष+१ ने भागा आणि फक्त बाकी ठेवा. बाक्या चारच: ०, १, क्ष, क्ष+१. क्ष² ची बाकी क्ष+१ येते (इथे अधिक-उणे एकच), म्हणून क्ष²+क्ष+१ ची बाकी शून्य. क्ष स्वतःच मूळ झाला! या बाक्या म्हणजेच कोशंट रिंग, आणि ज्यांची बाकी शून्य येते त्या बहुपदी म्हणजे आयडियल. आयडियलची व्याख्या यानंतर वाचायची असते, पण शिकवतात नेमकं उलटं.

आता मॅट्रिक्स. म घ्या: पहिली ओळ ०, १, दुसरी १, १. १+१=० धरूनच वर्ग काढा: पहिली ओळ १, १; दुसरी १, ०. हे म + एकक मॅट्रिक्सच आहे. म्हणजे शून्य, एकक, म आणि म+एकक या चार मॅट्रिक्स हेच ते फील्ड. म³ एकक येतं, तेव्हा मचा व्यस्त म². अशी सांत (मोजकेच घटक असलेली) फील्ड फ्रेंच गणिती गाल्वाने १८३० मध्येच मांडली होती, मॅट्रिक्सवरचा इंग्रज गणिती केलीचा निबंध १८५८ चा.

उलटतपासणी:
बहुपदी अविभाज्य हवी, म्हणजे तिचे लहान घाताचे अवयव पडता कामा नयेत, हे राहिलं. क्ष²+१ घ्या. बाक्या त्याच चार, पण इथे क्ष²+१ = (क्ष+१)². म्हणजे क्ष+१ ला क्ष+१ ने गुणलं की शून्य. फील्ड बोंबललं.

बाकीशून्य:
म चा वर्ग हाताने काढला, जुळला! मग क्ष³+क्ष+१ घेतलं तर आठ बाक्या?

खडूफळा:
आठच. मॅट्रिक्स ३×३ ची लागेल, क्षच्या जागी घातली की क्ष³+क्ष+१ शून्य होईल अशी. तिचा सातवा घात एकक येतो, त्याआधीचा एकही नाही. करून बघा, चौथ्या घातापर्यंत गेलात की पुढचं भराभर येतं.