पित्ताशयातले खडे: दुर्बिणीतून करायचं की पोट उघडून?

सातारकर७७:
आईला (वय ६२) जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, ॲसिडिटी समजून गोळ्या चालल्या, शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्जन म्हणतायत दुर्बिणीतून करू. पण मामा अडून बसलाय, म्हणे पोट उघडलं की डॉक्टरला सगळं दिसतं, भोकातून काय डोंबल दिसणार. आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन आधी झालंय. कोणाला अनुभव?

मुग्धा_ओटी:
ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नर्स आहे. मामांना सांगा, उलट जास्त स्पष्ट दिसतं. बेंबीपाशी साधारण १ सेंटीमीटरचं भोक, त्यातून कॅमेरा, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि स्क्रीनवर सगळं मोठं होऊन येतं. उघडून करायचं तर बरगडीखाली वीतभर चीर, स्नायू कापले जातात, मग पेशंट खोकायला नि खोल श्वास घ्यायला घाबरतो आणि छातीत कफ साठतो. या वयात खरा फायदा हा आहे, व्रण दिसत नाही वगैरे नंतरचं. आणि हो, नुसते खडे नाही, अख्खं पित्ताशयच काढतात, नाहीतर खडे परत होतात.

भाऊ_चिपळूणवाले:
बायकोचं झालंय. दुसऱ्या दिवशी पोट राहिलं बाजूला, खांदाच दुखायला लागला, आमची पाचावर धारण! गॅसमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि दुखतं खांद्यात, असं डॉक्टर म्हणाले. हिंडायला लागली तसं गेलं. मामांना सांगा जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमटन उदवाडियांनी १९९० मध्येच हे केलंय, नवीन काही नाही.

सातारकर७७:
थँक्स दादा, ताई. पण फॉर्मवर 'गरज पडल्यास पोट उघडून' असं लिहिलंय, मामा आता त्यावरच बोट ठेवून बसलाय 🤦

मुग्धा_ओटी:
ते सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं. पित्ताशय सुजून घट्ट चिकटलं असेल, नळ्या ओळखू येत नसतील तर चीर घेणंच शहाणपणाचं, पित्ताची मुख्य नळी चुकून कापली गेली तर फार महागात पडतं. मी तर म्हणेन वेळ आली तर उघडायला न कचरणारा सर्जन बरा. गर्भाशयाचं ऑपरेशन खालच्या पोटात, त्यामुळे बहुतेक आड येत नाही, तरी जुने पेपर दाखवा. मुख्य नळीत खडा आहे का तेवढं विचारा, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते) वाढलं असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय, सांगतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लपवू नका. आणि काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट नंतर आठवणीने घेऊन या, निम्मे लोक घेतच नाहीत.